नाव दोन हजेरीपटांवर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बारावीचा निकाल लागला की घरोघरी टक्क्यांची चर्चा होते, पेढे वाटले जातात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. महिना-दीड महिन्याने ही मुलं पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसतात आणि मग त्यांची चर्चा थांबते. त्यातल्या काही मुलांविषयी आज मला बोलायचं आहे. गेली दोन वर्षं ज्यांचं नाव दोन हजेरीपटांवर होतं, त्यांच्याविषयी. एक हजेरीपट कनिष्ठ महाविद्यालयाचा आणि दुसरा खासगी क्लासचा.

या व्यवस्थेला कुणी 'इंटिग्रेटेड' म्हणतं, कुणी 'टाय-अप'. प्रवेश महाविद्यालयात घ्यायचा, पण दिवसभर बसायचं क्लासमध्ये. महाविद्यालयाची पायरी चढायची ती फॉर्म भरायला, प्रात्यक्षिक परीक्षेला आणि शेवटी दाखला न्यायला. ही गोष्ट कुणापासून लपलेली नाही. २०१८ साली राज्य सरकारला काही विभागांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, तो यामुळेच. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत त्या मुलांचे क्लास घेऊ नयेत, असं म्हटलं आहे. तरीही पालक या वाटेने जातात. कुणी कर्ज काढतं, कुणी आईचे दागिने गहाण ठेवतं. डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट प्रवेश परीक्षेतून जाते आणि त्या परीक्षेची तयारी क्लासमध्ये होते, असा त्यांचा साधा हिशेब असतो. तो हिशेब करणाऱ्या बापाला नावं ठेवायला मी आलेलो नाही.

पण आकडे पाहा. २०२४ मध्ये 'नीट'ला २३ लाखांहून अधिक मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून सव्वा लाखही नव्हत्या. म्हणजे बहुतेक मुलं दुसऱ्या दाराने कुठे तरी जाणार, हे परीक्षेच्या आधीच ठरलेलं असतं. त्यातली कितीतरी बी.एस्सी.ला येतात, काही बी.कॉम.ला, काही बी.ए.ला. येताना ती दोन ओझी घेऊन येतात. 'आपण हरलो' हे पहिलं ओझं. दुसरं कुणाला दिसत नाही. कागदावर दोन वर्षं कॉलेजात काढलेली ही मुलं प्रत्यक्षात कॉलेजात पहिल्यांदाच आलेली असतात.

अमेरिकेतही शाळकरी मुलाचं नाव दोन ठिकाणी असू शकतं. तिथे त्याला 'ड्युअल एनरोलमेंट' म्हणतात. हायस्कुलातली मुलं शाळा शिकता शिकता, बहुधा जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे काही विषयही शिकतात आणि त्यांचं क्रेडिट दोन्हीकडे धरलं जातं. तिथे मूल दोन्हीकडचं शिकतं. आपल्याकडे नाव दोन्हीकडे असतं आणि मूल एकीकडेच. तरीही एक अडचण सारखीच आहे. तिथली काही मुलं पुरेशी क्रेडिटं जमवून थेट दुसऱ्या वर्षाची म्हणून कॉलेजात येतात. पण घर सोडून आलेलं ते अठरा वर्षांचं मूल मनाने पहिल्या वर्षाचंच असतं. कागद पुढे गेलेला असतो, मूल मागे राहिलेलं असतं. म्हणून तिथे अशा मुलांना सल्लागार देण्यावर भर असतो. आपल्याकडे तर कागद आणि मूल यांच्यातलं अंतर याहून मोठं आहे.

माझ्या मोहल्ल्यातल्या एका मुलाचं सांगतो. वडिलांचं शिवणकामाचं छोटं दुकान. मुलगा हुशार. दोन वर्षं क्लास केला, थोडक्यात हुकलं, बी.एस्सी.ला आला. बारावीला रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ३० पैकी २९ गुण. पदवीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला टायट्रेशन होतं. ब्युरेट आधी धुऊन घ्यायची, तोटीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग थेंब थेंब सोडत फिकट गुलाबी रंगावर थांबायचं. आम्ल-अल्कलीची समीकरणं त्याला तोंडपाठ होती. पण ब्युरेट त्याने कधी हातात धरली नव्हती. शेजारची मुलं भराभर रीडिंग घेत होती आणि याचा फ्लास्क गर्द गुलाबी झाला होता. त्याने कुणाला विचारलं नाही. ज्याला २९ गुण आहेत, त्याने विचारायचं तरी कसं? पुढच्या आठवड्यात त्याचं डोकं दुखलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात पोट. अम्मीला वाटलं, नजर लागली.

त्या मुलाला सावरलं ते प्रयोगशाळेतल्या सहायकाने. त्यांनी गैरहजेरी पाहिली, निरोप पाठवला आणि शनिवारी दुपारी प्रयोगशाळा आवरताना त्याला सोबत घेतलं. उपकरणं धुवायला लावली, भरायला लावली, चुकू दिलं. तीन-चार शनिवार गेले असतील. त्यासाठी कुठली योजना नव्हती की निधी नव्हता. मुलगा आज तिसऱ्या वर्षाला आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जे त्या एका मुलाला योगायोगाने मिळालं, ते प्रत्येक मुलाला ठरवून मिळालं पाहिजे.

नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजची ओळख करून द्यावी, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. कल्पना चांगली आहे. पुष्कळ ठिकाणी तिचं रूप मात्र एका सभागृहातल्या एका सकाळीपुरतं उरतं. शाल, श्रीफळ आणि माझ्यासारख्या कुणा पाहुण्याचं भाषण. मुलं टाळ्या वाजवतात आणि लायब्ररी कुठे आहे ते न कळताच घरी जातात. त्याऐवजी पहिले दोन आठवडे प्रयोगशाळेत गुणांविना, भीतीविना नुसतं हाताळायला द्यावं. मागचं कुणी काढू नये. प्रत्येक दहा मुलांमागे तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा किंवा मुलगी असावी. प्राध्यापकांना विचारायला धीर होत नाही, ते मुलं दादाला-ताईला विचारतात.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. ती मला अधिक जवळची. या मुलांनी दोन वर्षं चार पर्यायांतून एक गोल काळा करण्याचा सराव केलेला असतो. त्यात ती तरबेज असतात. पण 'कारण स्पष्ट करा' म्हटलं की पेन अडतं. उत्तर माहीत असतं, वाक्य सुचत नाही. त्यात मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेलं मूल इंग्रजीत लिहिणार. अशा मुलाला सांगावं, की आधी आपल्या भाषेत पाच ओळी लिही, मोठ्याने वाच, मग इंग्रजीत घाल. रोज अर्धं पान. दिवाळीपर्यंत फरक दिसेल.

तिसरी गोष्ट विषयनिवडीची. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषय मुलाने स्वतः निवडायचे आहेत. ज्याचं वेळापत्रक दोन वर्षं दुसऱ्यांनीच आखलं, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, त्याला एकदम सात-आठ रकान्यांचा फॉर्म पुढे आला की ते मित्राचं पाहून भरतं. तिथे शिक्षकाने दहा मिनिटं शेजारी बसावं. आणि मिळवलेली क्रेडिटं सात वर्षांपर्यंत खात्यात राहू शकतात, हेही सांगावं. घरच्या अडचणीने एखाद्याला मधेच थांबावं लागलं, तर परतीची वाट आहे हे त्याला ठाऊक असलेलं बरं.

आता पालकांशी दोन शब्द. मी स्वतः बी.ए. आहे. 'नुसतं बी.ए.' हे मी तीस वर्षं ऐकत आलो आहे. त्या 'नुसतं'ने किती बोचतं ते मला माहीत आहे. मी निदान ती वाट आपणहून धरली होती. तुमच्या मुलाला ती नाइलाजाने मिळाली आहे. पाहुण्यांसमोर 'याचं मेडिकल हुकलं, आता नुसतं बी.एस्सी. करतोय' असं म्हणू नका. क्लासला गेलेल्या पैशांचा हिशेब जेवताना काढू नका. मुलगी असेल तर 'आता बस झालं, स्थळ पाहू' असं पहिल्याच वर्षी म्हणू नका. या दोन वर्षांत तिने जी मेहनत केली, ती वाया गेलेली नाही. बैठक आहे, शिस्त आहे. फक्त कॉलेजात कसं राहायचं हे तिला कुणी शिकवलेलं नाही, आणि ते अजून शिकता येतं.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या मुलाला मार्क विचारू नका. तीन साध्या गोष्टी विचारा. लायब्ररीचं कार्ड काढलंस का? जर्नलवर सही झाली का? आणि कॉलेजातल्या एका तरी शिक्षकाला तुझं नाव माहीत झालं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर दुसऱ्या दिवशी वेळ काढा आणि त्याच्याबरोबर कॉलेजात जा.