बाना, नांगर आणि स्वरमंडळ
(व्याख्यानाचा मजकूर)

देवाच्या सेवेस वाद्य लागते, हे महाजन कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. चौघडा झडला, सनई वाजली, की देव जागा झाला असे मन मानते. मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातील परसवाडा-बैहरपासून मंडला-डिंडोरीपर्यंत जो डोंगराळ मुलूख आहे, तेथील परधानांची श्रद्धा याहून एक पाऊल पुढे जाते. त्यांच्या लेखी वाद्यातच देव वसतो. त्या वाद्याचे नाव बाना. मराठीतील बाण्याशी त्याचा संबंध जोडू नये.

बाना हे गजाने वाजवावयाचे तंतुवाद्य. लाकडाचा एक ठोकळा घेऊन तो कोरावयाचा, पोकळ करावयाचा, पोटावर कातडे ताणावयाचे आणि वर घोड्याच्या केसांच्या तीन तारा चढवावयाच्या, गजही केसांचाच. असे वाद्य साच्यातून निघत नाही. प्रत्येक लाकडाची धाटणी निराळी, म्हणून प्रत्येक बान्याचा आवाजही निराळा. धातूच्या तारेचा टणत्कार त्यात नाही. माणसाच्या घोगऱ्या गळ्याला साथ देणारा मऊ, किंचित खरखरीत स्वर आहे. कथा अशी सांगतात की, भावांतील सर्वांत धाकट्याने बाना घडवून वाजविला, तेव्हा बडा देव साजाच्या झाडावर प्रसन्न झाला. साजा म्हणजे आपला ऐन. त्या धाकट्याचे वंशज ते परधान, थोरल्यांचे वंशज ते गोंड यजमान. रूढीप्रमाणे दर तीन वर्षांनी परधान बाना घेऊन यजमानाच्या दारी जाई आणि त्याच्या कुळाची कथा गाई. आपल्याकडे कुळावी देवाच्या दारी येतात. तेथे देवच कुळाच्या दारी जातो!

ही सारी हकीकत पुस्तकरूपाने प्रथम सविस्तर मांडली ती एका मराठी माणसाने. व्हेरियर एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे 1932 मध्ये त्यांच्यासमवेत करंजिया येथे राहावयास गेले. परधानांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1946 मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राने त्यांची आठवण फारशी ठेवली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

गाणे रात्रभर चाले, आणि रात्रीचे घड्याळ आकाशात असे. अमरावतीचे वकील व हौशी संशोधक गणेश हलकरे यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांच्यासह महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व मध्य प्रदेशातील सुमारे 15 गोंड गावांत फिरून तेथील तारकाज्ञान टिपले. तो लेख 2013 साली आला. आपण ज्याला मृग म्हणतो, त्याच्या मधल्या ताऱ्यांत गोंडांना नांगर दिसतो. सप्तर्षींतील चौकोन ही खाट, आणि मागचे तीन तारे ती पळविण्यास आलेले चोर. मराठी खेड्यांतील वृद्धांनाही ही खाट ठाऊक असते.

परसवाडा सुमारे 22 अंश अक्षांशावर आहे. तेथे एप्रिलच्या मध्याला संध्याकाळी नांगर पश्चिमेकडे कललेला असतो आणि दहाच्या सुमारास मावळतो. पुढे दिवसागणिक तो लवकर मावळू लागतो, आणि जूनमध्ये सूर्य मृगात येतो तेव्हा दिसेनासाच होतो; नेमका तेव्हा भुईवरचा नांगर बाहेर निघतो.

आता गाणाऱ्यांच्या रात्री उरल्या किती, हाच प्रश्न आहे. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांच्या चित्रांनी 1980 नंतर परधानांना कीर्ती मिळाली. भोपाळच्या भारत भवनाने त्यांना वाव दिला. 2001 मध्ये त्यांचे जपानमध्ये निधन झाले. कुंचल्याने पोट भरू लागले ही चांगलीच गोष्ट, पण मग बाना कोरण्याचे कष्ट कोण घेणार? चित्रातला बाना सुंदर दिसतो, वाजत मात्र नाही. वाद्य भिंतीवर टांगले गेले की रात्रभर जागण्याचे कारण जाते. आणि कोणी जागलेच नाही, तर खाट कधी माथ्यावर आली नि चोर कोणत्या बाजूस होते, हे नातवाला दाखविणार कोण? बाना एखाद्या संग्रहालयात जपता येईल; ही रात्र कोणत्या कपाटात ठेवावी?

एप्रिलच्या त्याच रात्री मध्यरात्रीस खाट उत्तरेकडे उंच चढलेली असते, आणि पहाटे पाचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला, एक निळसर पांढरा तेजस्वी तारा येतो. तो अभिजित, पंचवीस प्रकाशवर्षे दूरचा. ज्या तारकासमूहात तो आहे त्याला ग्रीकांनी तंतुवाद्याचे नाव दिले, आणि मराठी ग्रंथांत त्याला स्वरमंडळ म्हणतात. रात्रभर गायिलेला परधान बाना खाली ठेवी, तो याच ताऱ्याखाली.