रक्ताचा कर्करोग आणि रक्तस्राव



हिरड्यांतून वारंवार येणारे रक्त, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, पायांवरील टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके ही लक्षणे पुष्कळदा ‘उष्णता’ समजून अंगावर काढली जातात. क्वचित त्यांच्यामागे तीव्र रक्तकर्करोग दडलेला असतो.

या रोगात अस्थिमज्जेत अपक्व पेशी बेसुमार वाढतात आणि रक्तस्राव थोपविणाऱ्या बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, घटत जातात. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे दीड ते चार लाख असतात. त्या १० हजारांखाली उतरल्यास सामान्यतः बाहेरून द्याव्या लागतात.

प्रोमायलोसायटिक नावाच्या प्रकारात संकट दुहेरी असते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. रक्त गोठविणारी द्रव्ये तेथेच खर्ची पडतात आणि अन्यत्र रक्त थांबत नाही. मेंदूतील रक्तस्रावाने असे रुग्ण पूर्वी थोड्याच दिवसांत दगावत. १९८५ मध्ये शांघाय येथे डॉ. वांग झेन्यी यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील ट्रेटिनॉइन हे औषध पाच वर्षांच्या एका मुलीस दिले व ती बरी झाली. आज या प्रकाराचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मात्र संशय येताच त्याच दिवशी हे औषध सुरू व्हावे लागते.

यास्तव अशी लक्षणे दिसताच रक्त तपासून घ्यावे. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दान केलेल्या प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात. म्हणून रक्तदाते शिबिरापुरते नव्हे, बारमाही हवेत.