मावा घेताना

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात जिलेबी म्हटली, की मैद्याची पिवळीधमक जिलेबी डोळ्यांपुढे येत नाही. येथील जिलेबी माव्याची. जाड वेढ्यांची, तळून गडद तपकिरी झालेली, पाकात मुरलेली. मुंबईच्या भेंडीबाजारात रमझानच्या दिवसांत ती या गावाचेच नाव लावून विकली जाते. अशी जिलेबी घरी करण्याचे एखाद्या गृहिणीच्या मनात आले, तर तिची पहिली परीक्षा चुलीपाशी होत नाही. ती दुकानातच होते.

जिन्नस मोजके आहेत: मावा, आरारूट, थोडा मैदा, दूध, साखर आणि तळणीसाठी तूप. त्यांत सर्वाधिक जपून घ्यावयाचा तो मावा.

म्हशीचे पाच लिटर दूध आटविले, म्हणजे सुमारे १ किलो मावा हाती येतो. म्हणून घरून निघतानाच पाच लिटर दुधाची किंमत मनाशी मांडावी आणि तीत इंधन व मजुरी मिळवावी. त्याहून पुष्कळच कमी भावाने मावा मिळू लागला, तर आनंद न मानता शंका घ्यावी. चिमूटभर मावा बोटांत चोळावा. चांगल्या माव्याचा ओशटपणा बोटांना लागतो, आणि वास दुधाचाच येतो. आंबूस वासाचा मावा शिळा समजावा.

घरी आणल्यावर आणखी एक कसोटी आहे. थोडा मावा पाण्यात उकळून पूर्ण थंड करावा व त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. पाणी निळे झाले, तर त्यात पीठ मिसळले आहे, हे ठरले. तपासलेला नमुना मात्र फेकून द्यावा.

ही कसोटी आरारूट मिसळण्यापूर्वीच करावयास हवी. कारण नंतर शुद्ध माव्याचे मिश्रणही निळेच होईल! मग दोष पिठाचा म्हणावा काय? गृहिणी आरारूट घालते ते तुपात वेढे फुटू नयेत म्हणून, आणि उघडपणे. भेसळ करणारा पीठ घालतो ते वजन वाढावे म्हणून, आणि लपवून. पांढरी भुकटी तीच. एका हाती ती जिन्नस ठरते, दुसऱ्या हाती फसवणूक.

भेसळीविरुद्ध १९५४ साली कायदा झाला, २००६ साली त्याची जागा घेणारा नवा झाला. तथापि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पाठीशी निरीक्षक उभा राहू शकत नाही. गिऱ्हाईक केवळ स्वस्ताई पाहू लागले, म्हणजे इमानाने दूध आटविणाऱ्याचा मावा महाग म्हणून पडून राहतो, आणि उद्या तोही त्याच वाटेने जाण्याचा मोह धरतो.

यास्तव किलोभर संशयास्पद माव्यापेक्षा पाव किलो चोख मावा घ्यावा. जिलेब्या चारच होतील. पण मुलांच्या ताटात त्या निःशंक मनाने वाढता येतील.