चित्रांची सावड
(गांवच्या शाळेंत जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



सावड म्हणजे काय हें आम्हीं तुम्हांला शिकवावें असें नाहीं. आज याच्या शेतावर, उद्यां त्याच्या शेतावर. बैल तुझे, माणसें माझीं. आणि कोणाचाच पेरा मागें राहत नाहीं. परंतु चित्रें काढण्याच्या कामीं कोणीं सावड केल्याचें ऐकलें आहे काय? चित्रकार म्हटला कीं तो एकटा बसणार, कोपऱ्यांत आपलें नांव घालणार, आणि त्याचें चित्र कोणा धनवंताच्या दिवाणखान्यांत लागणार, असाच आपला समज आहे. हा समज खोटा पाडणाऱ्या एका मंडळाची हकीकत आज सांगावयाची आहे. तिकडील भाषेंत त्याचें नांव 'तायेर दे ग्राफिका पोपुलार'. आपल्या भाषेंत म्हणूं, लोकचित्रें छापण्याचा कारखाना. १९३७ सालीं मेक्सिको देशाच्या राजधानींत तो निघाला.

मेक्सिको सातासमुद्रांपलीकडचा खरा, पण अगदींच परका नाहीं. आपल्या जेवणांतली मिरची आणि आपल्या रानांतला मका हीं दोन्ही मूळचीं तिकडचीं. आपल्याप्रमाणें तेथील गरिबाचें पोटही भाकरीवर, मक्याच्या भाकरीवर भरतें. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे परदेशीं हद्दपारींत असतां त्या देशांत राहिले, चापिंगो येथील शेतकी शाळेंत शिकवूं लागले, आणि शेतकऱ्यांसाठीं फुकट शाळा काढण्यांत पुढें झाले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यांना भाकरी वांटतांना रंगविलें आहे.

त्या देशाचें दुखणेंही आपल्या ओळखीचें होतें. जमीन मूठभर जहागीरदारांची, आणि राबणारा कर्जांत बुडालेला. १९१० सालीं तेथें क्रांति झाली. पुढें लाझारो कार्देनास हे १९३४ ते १९४० पर्यंत अध्यक्ष असतां त्यांनीं चार कोटि एकरांहून अधिक जमीन गांवकऱ्यांना वांटली. पण जमीन मिळाली तरी पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. कायदा काय झाला, फसवितो कोण, संप कशासाठीं, हें त्यांना कोणत्या कागदावरून कळावें? या प्रश्नांतून हा कारखाना निघाला.

काढणारे तिघे: लिओपोल्दो मेंदेस, पाब्लो ओहिगिन्स आणि लुइस आरेनाल. मेंदेस हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. या मंडळींनीं गुरु मानला तो होसे ग्वादालुपे पोसादा, एका पाववाल्याचा मुलगा. पोसादा बाजारांत विकल्या जाणाऱ्या स्वस्त कवनांच्या पानांवर चित्रें कोरी. त्याच्या चित्रांत शेठ काय, सरदार काय, हमाल काय, सगळेच हाडांचे सांगाडे. कातडी गेली म्हणजे कोण थोर आणि कोण हलका? १९१३ सालीं तो कफल्लक अवस्थेंत मेला. पण त्याचीं पानें घरोघर होतीं, आणि तीच त्याची इस्टेट.

आतां या कारखान्याचें हत्यार पाहूं. जमिनीवर अंथरण्याचें लिनोलियम कांहींजणांनीं पाहिलें असेल. जवसाचें तेल आटवून त्यांत बुचाचा भुसा मिसळतात आणि तो लगदा तागाच्या कापडावर थापतात. याचा तुकडा घ्यावा आणि पटाशीनें कोरावा. कोरलें तें पांढरें राहतें, राहिलें त्याला शाई लागते. कापडावर छाप उठविणाऱ्या रंगाऱ्याला हें समजावून सांगावें लागणार नाहीं. दगडापेक्षां हें स्वस्त आणि लांकडापेक्षां मऊ. सकाळीं खबर आली तर रात्रीं कोरून, पातळ स्वस्त कागदावर शेंकडों प्रती काढून, दुसऱ्या दिवशीं भिंतीवर चिकटवितां येत.

पण हत्याराहून मोठी होती त्यांची रीत. कामगारांचा संघ किंवा शेतकऱ्यांचें मंडळ आपली गरज घेऊन येई. कारखान्याची बैठक भरे. जो तो आपलें कच्चें चित्र सर्वांपुढें मांडी, आणि बाकीचे त्याचे दोष काढीत. हा हात चुकला; हा गडी शेतकरी वाटत नाहीं; येथें इतकीं अक्षरें कशाला? ज्याचें चित्र असे तो ऐकून घेई आणि पुन्हां काढी. कधीं एकानें रेखाटावें आणि दुसऱ्यानें कोरावें, असेंही होई. पुष्कळ कागदांवर एकट्याचें नांव नसून कारखान्याचीच निशाणी असे. विक्रीचा कांहीं हिस्सा कारखान्याच्या पेटींत पडे, आणि त्यांतून शाई-कागद येई.

कोणी म्हणेल, गरिबांसाठींच काढावयाचें तर कसेंतरी चालेल. मेंदेसला हें मान्य नव्हतें. लोकांसाठीं केलेलें काम उत्तमांत उत्तमच असलें पाहिजे, असा त्या मंडळाचा नियम होता. गरिबाचा नांगर म्हणून आपला सुतार इसाड वांकडा बसवीत नाहीं. मग गरिबाचें चित्र वांकडें कां असावें?

आतां आमच्या धंद्याची गोष्ट. त्या काळीं मेक्सिकोच्या खेड्यांतला मास्तर नुसतें क, ख शिकवीत नसे. जमिनीचा अर्ज लिहून देणें, मजुरीचा कायदा समजावणें, ही कामेंही त्याच्याच अंगावर पडत. जमीनदारांच्या डोळ्यांत तो खुपला. धर्म बुडाला अशी आवई उठली, आणि देवाचें नांव घेऊन हत्यारबंद टोळ्या शाळांवर चालून गेल्या. मास्तरांचे खून पडले, शाळा जळाल्या. १९३९ सालीं मेंदेसनें या प्रकारावर ७ शिळाछाप चित्रांचा संच काढला. ख्रिस्ताच्या नांवानें दोनशेंहून अधिक शिक्षक मारले गेले, हें त्या संचाचें नांवच सांगतें. त्यांतला एक मास्तर आपल्या विद्यार्थ्यांच्या देखत मारला गेला. मेंदेसनें ते मास्तर देव करून दाखविले नाहींत. साध्या कपड्यांतलीं साधीं माणसें दाखविलीं, आणि मेलेल्याचें नांव-गांव चित्राबरोबर दिलें. सरकारी कागदांत तो एक आंकडा झाला असता. चित्रांत तो कोणाचा तरी मास्तर राहिला. आम्ही महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन निर्भयपणें फळ्यापुढें उभे राहतों. आमच्या जातभाईंनीं त्याच कामाची काय किंमत दिली, हें ठाऊक असावें म्हणून हें सांगितलें. भोळ्या भाविकांवर आमचा रोख नाहीं. त्यांची श्रद्धा भाड्यानें घेऊन आपली जमीन राखणारांवर आहे.

या कारखान्यांत बायांना जागा मिळावयास मात्र वेळ लागला. मारियाना याम्पोल्स्की १९४५ सालीं सभासद झाली. ती तेथील पहिली स्त्री. पुढल्याच वर्षीं एलिझाबेथ कॅटलेट ही अमेरिकेंतील काळी चित्रकर्ती आली. तिचे आजी-आजोबा गुलामगिरींत जन्मलेले. १९४६-४७ सालीं तिनें आपल्या समाजांतल्या बायांवर १५ चित्रांची माळ याच कारखान्यांत केली. १९५२ सालीं तिनें वांट्यानें शेत कसणाऱ्या एका बाईचें चित्र कोरलें: डोईवर गवताची मोठी टोपी, आणि अंगांतल्या कपड्याला बटणाऐवजीं एक पिन. ती पिन पाहिली कीं त्या बाईची सारी कहाणी वाचावी लागत नाहीं. १९४७ सालीं सर्वांनीं मिळून क्रांतीच्या इतिहासाचीं ८५ चित्रें छापलीं. त्यांत १६ जणांचे हात होते.

सारेंच गोड होतें असें सांगितलें तर तें खोटें होईल. १९४० च्या मे महिन्यांत, रशियांतून हांकलला गेलेला पुढारी ट्रॉट्स्की याच्या मेक्सिकोंतील घरावर रात्रीं गोळीबार झाला, आणि त्यांत कारखान्याचीं कांहीं माणसें गुंतलेलीं होतीं. ट्रॉट्स्की वांचला, पण पहाऱ्याचा एक तरुण प्राणास मुकला. पक्षाचें वेड डोक्यांत शिरलें म्हणजे कोरण्याचा हात बंदुकीवर जातो. पुढें राजकारणाचे तंटे वाढले, आणि १९६० च्या सुमारास खुद्द मेंदेस व कित्येक जुने सभासद बाहेर पडले. १९६९ सालीं मेंदेस वारला. एकमेकांच्या चित्राचे दोष ऐकणारी मंडळी एकमेकांच्या मताचे दोष ऐकेनाशी झाली, तेव्हां सावड मोडली. तरी बीं वाऱ्यावर गेलें होतें. १९५० सालीं ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरांत याच धर्तीवर छापचित्रांचें मंडळ निघालें.

मंडळी, आतां आपल्या चावडीची भिंत पाहा. तिथें काय आहे? कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, त्याखालीं शुभेच्छुकांच्या तोंडांची रांग. भिंत आपली, तोंडें त्यांचीं! विहिरीचें पाणी कां आटलें, कांद्याला काय भाव मिळाला, कोणाची पोर शाळेंतून कां उठली, यांतलें एक अक्षर त्या भिंतीवर नाहीं.

म्हणून आमची एक सूचना आहे. महिन्यांतून एक चित्र या गांवानें स्वतः करावें. फळी सुतारानें द्यावी, पटाशी लोहारानें पाजवावी, रेखाटणें पोरांनीं करावें. छापण्याआधीं तें या ओट्यावर मांडावें, आणि दोष काढण्याचा पहिला मान बायाबापड्यांना द्यावा, कारण त्यांना समजलें तर सर्वांना समजलें. आम्हां मास्तरांचें चित्र असलें तरी त्याचीही गय करूं नये. गांव करी तें राव न करी, असें आपण बोलतों. येत्या बाजाराच्या दिवशीं संध्याकाळीं शाळा उघडी राहील. पहिलें चित्र कशाचें काढावयाचें, तेवढें घरीं ठरवून या.