बेडकांच्या जाती वेगळ्या कशा राहतात?

(डिलाईल रोड, मुंबई येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर राहून गावची शेती सांभाळणारी आपण मंडळी. कोणी पाटणचे, कोणी सावंतवाडीचे. या दोन्ही मुलखांतील बेडकांविषयी आज थोडी माहिती घेऊ.

कोयना परिसरातील टोड हा खरखरीत कातडीचा बेडूक १९६३ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला. त्याचा भाऊबंद आंबोली टोड २००९ मध्ये नोंदला गेला. कूळ एक, जाती दोन. अशा जाती कशा होतात?

बियाण्याच्या प्लॉटभोवती आपण विलगीकरण अंतर ठेवतो किंवा पेरणी मागेपुढे करून फुलोऱ्याची वेळ बदलतो. परका पराग येऊ नये हा हेतू. बेडकांत हे काम त्यांची शरीररचनाच करते.

पहिली बाब कातडीची. बेडूक कातडीवाटे पाणी घेतो आणि गमावतोही. तापलेला कोरडा मुलूख त्याला सहसा ओलांडवत नाही. त्यामुळे दूरदूरच्या सड्यांवरील बेडकांची गाठ पडत नाही.

दुसरी कानाची. नर ओरडून मादीला बोलावतो. मादीचा कान बहुधा स्वजातीच्या आवाजाशीच जुळलेला असतो.

तिसरी वेळेची. पाऊस व तापमानानुसार शरीरात संप्रेरके वाढतात. एक जात पहिल्या सरींना माजावर येते, तर दुसरी उशिरा.

चौथी अंड्याची. अमेरिकेत जॉन मूर यांनी १९४० च्या दशकात थंड उत्तरेकडील व उष्ण दक्षिणेकडील लेपर्ड बेडकांचा संकर केला. अंडी फळली, पण गर्भांची वाढ बिघडली. दोन्हीकडील गर्भांची वाढ वेगवेगळ्या तापमानाशी जुळलेली होती.

असे वेगळेपण घडण्यास फार मोठा काळ लागतो. ते बुडण्यास मात्र थोडी वर्षे पुरतात. आंबोली टोड आज अतिसंकटग्रस्त आहे. बेडूक आपल्या पिकावरील किडे खातात, म्हणूनही त्यांना जपणे हिताचे आहे. याकरिता पुढील काळजी घ्यावी:

१. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा डबक्यात धुऊ नये.
२. सड्यावरील पावसाळी डबकी बुजवू नयेत.
३. एका गावचे बेडूक किंवा त्यांची पिले दुसरीकडे नेऊन सोडू नयेत. त्यामुळे रोग पसरतात व जातींची सरमिसळ होऊ शकते.

येत्या पावसाळ्यात गावी जाल तेव्हा रात्री बांधावर उभे राहून ऐका. वेगवेगळे आवाज मोजा. जितके आवाज, साधारण तितक्या जाती आपल्या शिवारात आहेत, असे समजावे.