सायकलस्वाराची सुरक्षा : अर्धी त्याच्या हाती, अर्धी आपल्या

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संकलित भाग)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी भाषणाला उभं राहणं हे धाडसाचंच काम. तेव्हा मुद्द्याचंच बोलतो. माझी सगळी नोकरी सुरक्षेच्या कामात गेली. म्हणून कार्यकर्त्यांनी मला सायकल आणि रस्ता हा विषय दिला.

आपल्या भिलाईचं आणि सायकलचं नातं जुनं आहे. १९५५ साली सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. त्या काळात आपली वडीलधारी मंडळी विदर्भातून इथे आली. हँडलला डबा लटकवून ती सायकलनंच ड्यूटीवर जात. शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. तेव्हा रस्ता सायकलचा होता आणि मोटार पाहुणी होती. आज उलट झालंय. आपल्या दारात स्कूटर आली, मग कार आली. सायकल मात्र रस्त्यावरून गेलेली नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून येणारे ठेका मजूर, दूधवाले, शाळा-ट्यूशनला जाणारी आपली मुलं-नातवंडं अजून सायकलवरच आहेत. ट्रेलर, बस आणि भरधाव कार यांच्या मधून ती वाट काढतात.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारचा आकडा आहे. कारखान्यात एक माणूस दगावला तर चौकशी बसते, कारण शोधलं जातं. रस्त्यावर आपण 'नशीब' म्हणतो आणि पुढे जातो.

सुरक्षेच्या कामात आम्हाला पहिल्याच दिवशी एक क्रम शिकवतात. आधी धोकाच काढून टाका. तो जमत नसेल तर माणूस आणि यंत्र वेगळे ठेवा. तेही जमलं नाही तर कामाची पद्धत बदला. हेल्मेट, बूट, हातमोजे सगळ्यात शेवटी. सायकलचं म्हटलं की लोक एकदम हेल्मेटवर येतात. मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटची सक्ती मोटारसायकलसाठी आहे, सायकलसाठी नाही. तरी हेल्मेट जरूर घाला. पण ते पडल्यानंतर कामाला येतं. आपण मुळात पडूच नये यासाठी काय करायचं, ते आधी पाहू.

पहिली गोष्ट, दिसा. थोडा हिशेब करू. सायकल ताशी १५ किलोमीटरनं चालली आहे आणि मागून कार ६० नं येते आहे. दोघांतलं अंतर दर सेकंदाला साडेबारा मीटरनं कमी होतं. गडद कपड्यातला, बिनदिव्याचा सायकलस्वार चालकाला २५ मीटरवर दिसला असं धरा. चालकाच्या हाती उरले दोन सेकंद. मागे लाल दिवा असेल आणि तो दीडशे मीटरवरून दिसला, तर बारा सेकंद मिळतात. जुन्या सायकलींच्या मागच्या मडगार्डचं टोक पांढरं रंगवलेलं असे, ते यासाठीच. तो डायनॅमो आठवतो का? सायकल थांबली की दिवा गेला! आता बॅटरीचा छोटा लाल दिवा स्वस्तात मिळतो, आणि सायकल थांबली तरी तो जळत राहतो. रात्रपाळीला जाणाऱ्यानं आधी तो घ्यावा.

दुसरी गोष्ट, तुम्ही काय करणार ते मागच्याला कळू द्या. अगदी कडेला चिकटून चालवणं सुरक्षित वाटतं, पण तिथेच खड्डे, वाळू आणि उभ्या गाड्या असतात. मग सायकलवाला अचानक उजवीकडे येतो, आणि घात होतो तो त्या अचानक येण्यानं. कडेपासून हात-दीड हात सोडून सरळ रेषेत चालवा. पुढे ट्रक उभा दिसला तर चार-पाच सायकलींच्या अंतरावरूनच मागे पाहा, हात दाखवा आणि हळूहळू बाहेर या.

तिसरी गोष्ट मोठ्या गाड्यांची. ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतून कापत जातात. चालकाच्या केबिनमधून डाव्या अंगाचा बराच भाग दिसतही नाही. त्यामुळे चौकात उभ्या ट्रेलरच्या डाव्या बाजूनं पुढे घुसणं म्हणजे स्वतःहून सापळ्यात जाणं. मागे थांबा. दोन मिनिटं जातील, जाऊ द्या.

वळणाऱ्या कारच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. चालकाच्या चेहऱ्यापेक्षा पुढच्या चाकाकडे लक्ष ठेवा. चालक तुमच्याकडे पाहूनही तुम्हाला न पाहिलेला असू शकतो, पण गाडी वळू लागली की चाक लगेच सांगतं.

आणि सध्या पाऊस आहे. ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही. आधीपासून हलका दाबून पाणी निपटू द्या. पाण्याच्या डबक्याखाली काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ते टाळा. कानात गाणी नकोत. हँडलला पिशवी अडकवली की ती स्पोकमध्ये जाते, ओढणीचंही तेच. सामान मागे कॅरिअरवर बांधा.

आई-वडिलांसाठी एक परीक्षा सांगतो. मूल मोठ्या रस्त्यावर पाठवण्याआधी मैदानात पाहा. एक हात सोडून त्याला सायकल सरळ चालवता येते का? मान वळवून मागे पाहताना हँडल डगमगतं का? डगमगत असेल तर अजून गल्लीतच बरं. वय किती झालं हा प्रश्न त्यानंतरचा.

आता अर्धं भाषण उरलं, ते स्टिअरिंग धरणाऱ्यांसाठी. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी.

सायकलजवळ येऊन कर्कश हॉर्न वाजवू नका. माणूस दचकून मागे पाहतो आणि हँडल नेमकं आपल्याकडे वळतं. वाजवायचाच तर लांबून, हलका. ओलांडताना किमान दीड मीटर जागा सोडा. फ्रान्समध्ये गावाबाहेर एवढी जागा सोडणं कायद्यानंच बंधनकारक आहे. जागा नसेल तर मागे थांबा. समोरून सायकल येत असेल तर डिपर द्या, कारण झगझगीत प्रकाशात त्याला पुढचा खड्डा दिसत नाही.

आणि गाडीचं दार. चालकाचं दार आपल्याकडे उजवीकडे असतं. ते डाव्या हातानं उघडायची सवय लावा. डावा हात पुढे नेला की अंग आपोआप वळतं आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. डावीकडे बसणाऱ्यांनी उजवा हात वापरावा. ही हॉलंडमधली पद्धत ब्रिटननं २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत घेतली. खर्च शून्य, आणि एखाद्याचा जीव वाचतो.

वेगाचंही तसंच. वेग तिसावरून साठावर गेला की आघाताची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. कॉलनीत तिसानं गेलो तर घरी मिनिटभर उशिरा पोचू. ते मिनिट ज्याच्या कामी येतं तो आपलाच कुणीतरी असतो. आपल्या हाताखाली काम करणारा, शेजारच्या वहिनींचा मुलगा, किंवा उद्या सकाळी आपल्या दारात दूध घेऊन येणारा.

वेगळे सायकल मार्ग हवेतच. माणूस आणि यंत्र वेगळे ठेवा, हा नियम रस्त्यालाही लागू आहे, आणि मंडळानं मिळून ती मागणी लावून धरावी असं मला वाटतं. पण तोवर रस्ता एकच आहे आणि तो सगळ्यांचा आहे. बाप्पाला आपण विघ्नहर्ता म्हणतो. निदान कुणाच्या वाटेतलं विघ्न आपण होऊ नये, एवढं आजच्या आरतीनंतर मनात धरून घरी जाऊ.

प्रसाद थांबलाय, मीही थांबतो. गणपती बाप्पा मोरया!