कुत्रा चावल्यावर : औषध, फिर्याद आणि भरपाई

(मंडळाच्या वर्धापनदिन-समारंभातील व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या समारंभात कुत्र्याच्या चाव्यावर व्याख्यान ठेवणे म्हणजे पंचपक्वान्नांच्या ताटात कडुनिंबाचा पाला वाढण्यासारखे आहे, असे आपणांपैकी कित्येकींना वाटले असेल. पण पाडव्याच्या दिवशी आपण तो पाला हौसेने चावून खातोच; कारण त्याचा कडवटपणा क्षणाचा आणि गुण वर्षाचा, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच भावनेने आजचे हे चार शब्द ऐकावेत.

कायद्याकडे वळण्यापूर्वी औषधाचे बोलू. भरपाई जिवंत माणसाला उपयोगी पडते, आणि कुत्र्याच्या चाव्यात पहिला तास फार मोलाचा असतो. रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की जवळजवळ कोणीच वाचत नाही; परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले, तर तो टाळता येतो. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे; नुसते पाणी ओतून नव्हे. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही जखमेत भरू नये. हे सारे आपल्या आजीच्या मायेचे उपाय खरे, पण येथे ते घात करतात. मग त्याच दिवशी ससून रुग्णालय, कमला नेहरू रुग्णालय किंवा आपल्या जवळचा सरकारी अगर पालिकेचा दवाखाना गाठावा.

जुन्या पिढीतील बायकांच्या मनात पोटावरच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून घर करून आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवीत. आपल्या देशात ती २००४ सालाच्या अखेरीस बंद झाली. आता लस दंडावर देतात. कातडीत द्यावयाची असेल तर पहिल्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यावयाची असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीखेरीज ‘इम्युनोग्लोब्युलिन’ नावाचे औषध प्रत्यक्ष जखमेत व तिच्या भोवती टोचावे लागते. ते लहान दवाखान्यात मिळेलच असे नाही. म्हणून तोंडाने विचारावे, आणि नसेल तर मोठ्या रुग्णालयात जावे. कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर पुढचे काय करायचे ते डॉक्टर सांगतील. पण “दहा दिवस पाहू, मग लस घेऊ” असा उलटा हिशेब मात्र कधीही करू नये.

आता कायदा. “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हण खोटी नाही. परंतु तिचा अर्थ आपण भलताच लावला आहे. पायरी चढू नये म्हणजे आपला हक्कच विसरून जावा, असे काही ती सांगत नाही. हक्क ठाऊक असला आणि कागद जवळ असले, म्हणजे पुष्कळदा ती पायरी चढावीच लागत नाही.

कुत्रा पाळलेला असेल, तर प्रश्न त्यामानाने सरळ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या २९१ व्या कलमाप्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वीच्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते आणि दंड एक हजारापर्यंत होता. हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे पोलिसांनी फिर्याद नोंदवून घ्यावयाची असते, आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावयाची असते.

ही कलमे नुसती पुस्तकात राहत नाहीत. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन लिफ्टमधून जात होते. मूल कुत्र्याला भिते, जरा थांबा, असे म्हटले असतानाही शेजाऱ्याने आपला कुत्रा आत ओढून आणला, आणि तो त्या गृहस्थांच्या हाताला चावला. २०२५ साली न्यायालयाने त्या शेजाऱ्याला चार महिन्यांची शिक्षा दिली. दुसरे प्रकरण २०१० सालचे. रॉटवायलर जातीचा कुत्रा एका ७२ वर्षांच्या वृद्धाला चावला. मालकाला २०२३ साली गिरगावच्या न्यायालयाने तीन महिन्यांची शिक्षा दिली. एका निकालाला सात वर्षे लागली, दुसऱ्याला तेरा. हे मी लपवून ठेवीत नाही. न्यायाची गाडी सावकाश चालते, म्हणूनच तिच्यात बसताना शिदोरी बरोबर हवी. ती शिदोरी म्हणजे पुरावा.

शिक्षा मालकाला झाली, पण औषधाचा खर्च कोणी द्यावयाचा? नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९५ व्या कलमाखाली, गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायालय पीडिताला भरपाई देण्याचा हुकूम करू शकते. शिवाय दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दावा वेगळा लावता येतो. त्या दाव्यात न्यायालय मुख्यतः एक गोष्ट पाहते : कुत्रा चावरा आहे, अंगावर जातो, हे मालकाला माहीत होते काय? माहीत असून त्याने काय केले? पुण्यात कुत्रा पाळण्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो. परवाना आहे काय, रेबीजची लस टोचली आहे काय, हेही अवश्य विचारावे.

आता रस्त्यावरचा कुत्रा. त्याला मालक नाही, मग दाद कोणाकडे मागायची? येथेच पुष्कळजणी “आपले नशीब” म्हणून घरी बसतात. परंतु २०२३ सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले, की निर्बीजीकरण व लसीकरण झालेले कुत्रे पुन्हा त्यांच्या जागी सोडावेत, परंतु पिसाळलेले व आक्रमक कुत्रे सोडू नयेत. आणि खाऊ घालण्यासाठी प्रत्येक प्रभागात ठरावीक जागा असाव्यात. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके येथून कुत्रे हलवून ते पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश दिला. थोडक्यात, कर्तव्य कोणाचे हे ठरलेले आहे. आणि जेथे कर्तव्य ठरलेले असते, तेथे ते न केल्याबद्दल जाब विचारता येतो.

भरपाईचे प्रत्यक्ष उदाहरण हवे असेल तर ते पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घालून दिले. १९३ अर्जांचा एकत्र निकाल देताना न्यायालयाने म्हटले, की कुत्र्याच्या चाव्यात दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान वीस हजार रुपये द्यावेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चार महिन्यांत निर्णय करावा, आणि आधी सरकारने पैसे देऊन मग जबाबदार संस्थेकडून अगर व्यक्तीकडून ते वसूल करावेत. केरळातील पीडितांच्या अर्जांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच एका निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली होती. हे दर आपल्या राज्याला आपोआप लागू होत नाहीत. पण आपल्या उच्च न्यायालयापुढे दाखला म्हणून ते ठेवता येतात. आणि आपले उच्च न्यायालय अशा बाबतीत उदासीन नाही. रस्त्यावरील खड्ड्यांमुळे होणाऱ्या अपघातांबद्दल ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मृत्यूसाठी सहा लाख आणि दुखापतीसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. खड्डा आणि कुत्रा या वस्तू निराळ्या, पण तत्त्व एकच : रस्त्यावरून निर्धास्त चालता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

एक व्यावहारिक सूचना कानात बांधून ठेवा. महापालिकेवर दिवाणी दावा लावायचा असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ४८७ व्या कलमाप्रमाणे एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. “दिवाळी होऊ दे, मग बघू” म्हणणारीची मुदत टळून जाते. तसेच घटना कोणाच्या हद्दीत घडली ते नीट पाहावे. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, पुणे व खडकी कटकमंडळे यांच्या सीमा एकमेकींना लागून आहेत. चुकीच्या दारात गेल्यास दिवस फुकट जातात.

आता शिदोरीत काय बांधायचे ते सांगते. दवाखान्याचा केसपेपर, त्यावर ‘कुत्रा चावला’ अशी स्पष्ट नोंद, तारीख, वेळ व जखमेचा प्रकार. जखमेचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून. औषधांच्या आणि रिक्षाच्या पावत्या. कामावर जाता आले नाही त्या दिवसांचा, मालकाच्या सहीचा चिठोरा. पाहणाऱ्या दोघांची नावे. आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दिलेल्या अर्जाची, आवक शिक्का मारून घेतलेली प्रत.

या शेवटच्या कागदाचे महत्त्व सर्वांत अधिक. मघाशी म्हटले, की न्यायालय मालकाला विचारते : तुला माहीत होते काय? पालिकेलाही प्रश्न तोच असतो. अमुक गल्लीतील कुत्री माणसांच्या अंगावर जातात, असा अर्ज चाव्याच्या आधी दोन महिने कार्यालयात पडलेला असेल, तर “आम्हांला कल्पना नव्हती” हे उत्तर कोणाला देता येत नाही. म्हणजे खरी भरपाई चाव्यानंतर नव्हे, चाव्यापूर्वीच्या अर्जावर उभी राहते. आपल्या प्रभागात किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून विचारता येते. तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर हेही ऐका. १९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. ती खैरात नव्हे, हक्क आहे.

एक बाजू सांगून थांबणे बरे नव्हे. रागाच्या भरात कुत्र्याला विष घालणे, मारून टाकणे हा गुन्हा आहे; न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्यात मुक्या जनावराला भाकरी घालणाऱ्या भगिनीही आहेत, आणि त्यांची दया मला वंद्य आहे. पण नियमच सांगतात, की खाऊ घालण्याची जागा जिने, इमारतीची दारे आणि मुलांची खेळण्याची जागा यांपासून दूर असावी. भाकरी घालणारीने आपल्या गल्लीतील कुत्र्यांना लस टोचून घेण्याचेही मनावर घेतले, तर ती दया दोघांनाही पावते. तिच्याशी भांडण करून काही साधत नाही; तिला बरोबर घेऊन अर्ज केला तर साधते.

शेवटी एवढेच. आपल्याला कुत्रा चावला तर घरात गाडी असते, फोन असतो, सुट्टी मिळते. परंतु पहाटे साडेपाचला अंधारात चार घरची धुणीभांडी करायला निघणारी बाई आपल्याच दारावरून जाते. तिला चावला तर तिचा खाडा पडतो, दुसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी पुन्हा खाडा पडतो, आणि खाडा वाचवण्यासाठी ती तिसरे इंजेक्शन चुकवते. तिला कायदा सांगून भागणार नाही. तिच्याबरोबर कोणी तरी जावे लागेल. तेव्हा या वर्षी मंडळाने तीन गोष्टी कराव्यात असे मी सुचवते. एक, मंडळात एक वही ठेवून गल्लीवार तक्रारी नोंदवाव्यात आणि दर महिन्याला त्यांचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देऊन शिक्का आणावा. दोन, चाव्याच्या प्रसंगी दवाखान्यात व पोलिस चौकीत बरोबर जाण्यासाठी दर आठवड्याला दोन सभासदांची पाळी लावावी. तीन, कामवाल्या बाईला लसीच्या चारही दिवसांची सुट्टी पगार न कापता द्यावी, असा ठराव आपण प्रत्येकीने आपापल्या घरापुरता आजच करावा.

पहिल्या दोन गोष्टींसाठी कार्यकारिणीची बैठक लागेल. तिसरीसाठी कोणाचीच परवानगी लागत नाही.